केसपेपर फुकट, वाट महाग

गावातल्या आणि पोटापाण्यासाठी बाहेर गेलेल्या सगळ्यांना वाचनालयाच्या कार्यकारी मंडळाचा नमस्कार.

गेल्या उन्हाळ्यात आपण वाचनालयात शनिवारी दुपारी मुलांना गोष्टी वाचून दाखवायला सुरुवात केली. सहावीतलं एक लेकरू न चुकता यायचं. ऐकलेली गोष्ट हा पोरगा पुढच्या शनिवारी आवाजांसकट सांगायचा. पुस्तक हातात दिलं की मात्र त्याला तहान लागायची, लघवीला लागायची. शेजारी बसवून वाचून घेतलं तेव्हा उलगडा झाला. ‘घर’चं ‘धर’ होतं, ‘भ’ आणि ‘म’ त्याला एकच, जोडाक्षर आलं की तो मुक्काच. ‘सत्तावीस’ म्हटलं की ७२ लिहितो. (मराठीत आकडा बोलताना एकक आधी येतो, म्हणून हा घोळ बऱ्याच पोरांचा होतो. २०१९ला दुसरीच्या गणितात ‘वीस सात’ आलं तेव्हा आपण पारावर बसून खूप हसलो होतो. या पोराची वही बघितल्यावर मंडळातल्या कुणाला हसू आलं नाही.) घरी तो आळशी, वर्गात ढ. मार खाण्यात चार वर्षं गेली.

याला अध्ययन अक्षमता म्हणतात. बुद्धी शाबूत असते, अक्षर आणि त्याचा आवाज यांची सांगड मात्र लवकर बसत नाही. कुणाचं वाचन अडतं, कुणाचं लिहिणं, कुणाची आकडेमोड. यावर गोळी नाही, टॉनिक तर नाहीच नाही. शब्द फोडून, आवाज वेगळे करून, हातानं गिरवून, रोज थोडं थोडं शिकवावं लागतं. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ही अक्षमता आहे. सरकारी प्रमाणपत्र असलं तर दहावीला जादा वेळ आणि लेखनिक मिळू शकतो. आपल्याकडं त्या प्रमाणपत्राची आठवण होते दहावीचा फॉर्म भरताना, आणि खूण तर तिसरी-चौथीतच दिसत असते.

आपल्या तालुक्यात यात आणखी एक गुंता आहे. जे लेकरू दिवाळीनंतर आईबापाबरोबर ऊसतोडीला कोपीवर जातं आणि गुढीपाडव्याच्या सुमाराला परत येतं, त्याला वाचता येत नाही, यात त्याच्या मेंदूचा काय दोष? त्याची शाळाच बुडालेली असते. बंजारा तांड्यावरच्या मुलांची घरची बोली गोरमाटी, पुस्तक मराठी. अशा पोरांवर घाईनं शिक्का मारणं आम्हाला मान्य नाही. म्हणून आधी तीन महिने प्रत्येकाला शेजारी बसवून वाचून घ्यायचं, आणि तरीही गाडी हलली नाही तरच तपासणीला न्यायचं, असं मंडळानं ठरवलं आहे.

आता मोठ्यांचं. मुलांसाठी विचारायला आलेल्या बाया जाता जाता दारात थांबून हळूच दुसरंच विचारायला लागल्या. ‘दाजी रातभर जागेच असतात.’ ‘सून बोलतच नाही, बाळंत झाल्यापासून.’ ‘पोरगा म्हणतो लोक माझ्याबद्दल बोलतात, घरात तर कुणीच नसतं.’ यातल्या कितीकांनी आधी बाहेरचं बघून घेतलं होतं. त्यावरून आम्ही कुणाला बोल लावत नाही; अंगारा लावायचा असेल तर लावा, पण डॉक्टरची गोळी बंद करू नका. मन लागत नाही, झोप उडाली, जेवण तुटलं, कशातच रस नाही, असं दोन आठवड्यांच्या वर चाललं तर ते ‘टेन्शन’ म्हणून सोडून देऊ नये. नैराश्याच्या गोळीचा गुण यायला दोन-चार आठवडे लागतात. चार दिवसांत फरक नाही म्हणून ती फेकून देणारे, आणि बरं वाटलं की आपल्या मनानं बंद करणारे, दोघंही पुन्हा तिथंच येतात. जिवाचं बरंवाईट करायचे विचार येत असतील तर माणसाला एकटं सोडू नका. १४४१६ हा ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर दिवसरात्र चालू असतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं.

राज्यातली जुनी चार मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला. मराठवाड्याच्या वाट्याला एकही आलं नाही. पण दरवेळी तेवढ्या लांब जायचं कारणच नसतं. बीडच्या जिल्हा रुग्णालयात मानसिक आजाराचे उपचार होतात, अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. जिल्हा रुग्णालयात तर १५ ऑगस्ट २०२३पासून केसपेपरसुद्धा फुकट. मग माणूस अडतो कुठं? एसटीच्या तिकिटात आणि बुडालेल्या रोजात. बाईला अर्धं तिकीट, म्हणून लेकराला घेऊन आईच जाते. बापाचं पूर्ण तिकीट वाचतं आणि डॉक्टरांचं म्हणणं त्याच्या कानावर कधी पडतच नाही. अशा तीन-चार फेऱ्या झाल्या की घर थकतं.

त्यासाठी हे आवाहन. आम्हाला इमारत बांधायची नाही, बोर्डही लावायचा नाही. पेशंट आणि सोबतचं एक माणूस यांचं जाण्यायेण्याचं भाडं, दुपारचा डबा आणि बुडालेल्या रोजाची थोडी भरपाई, एवढ्यासाठी प्रवास निधी उभा करतो आहोत. पुण्या-मुंबईला असलेल्यांनी महिन्याला दोनशे, पाचशे, जमेल ते पाठवावं. ज्यांची जीप किंवा टेम्पो बाजाराच्या निमित्तानं बीड-अंबाजोगाईला जातच असतो, त्यांनी दोन जागा धराव्यात. निवृत्त गुरुजी, बाई, डीएड होऊन घरी बसलेली मुलं यांनी आठवड्याचे दोन दिवस पाऊण पाऊण तास एका लेकराला द्यावा, त्याच त्या लेकराला, मध्येच न सोडता. पैशापेक्षा याचीच आम्हाला जास्त नड आहे. गोरमाटी बोलणारी एखादी ताई मिळाली तर फार उपकार होतील. आणि मुकादमांना हात जोडून विनंती: टोळीत कुणाच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर घेऊ द्या आणि कारखान्याजवळच्या सरकारी दवाखान्यात जायला त्याला एक दिवस मोकळा द्या.

टोळ्या निघायच्या आत, म्हणजे दिवाळीआधी, पहिल्या फेऱ्या व्हायला हव्यात. जमाखर्च दर महिन्याला फळ्यावर लागेल. देणाऱ्यांची नावं त्यात असतील, उपचार घेणाऱ्यांचं एकही नसेल.

पावतीपुस्तक ग्रंथपालांच्या टेबलावर आहे. शनिवारी दुपारी दोन ते पाच मंडळाचं कुणीतरी तिथं बसलेलं असतं. चार लोकांत विचारायला संकोच वाटतो त्यांनी मागच्या बोळातून यावं, ते दार त्या वेळात उघडंच असतं.