पोट बघ, मग चोच बघ

ठाणे

प्रिय मिलिंद,

सप्रेम नमस्कार.

फोटो मिळाले. प्रत्येकाखाली 'जांभळा शिंजीर, बरोबर ना?' असं लिहिलंयस, म्हणून फोनवर न बोलता निवांत पत्रच लिहायला घेतलं. पांगाऱ्यावरचे दोन्ही फोटो जांभळ्याचे नाहीत, ते तसाच दिसणाऱ्या दुसऱ्या शिंजीराचे, म्हणजे सूर्यपक्ष्याचे, लोटेनच्या शिंजीराचे आहेत. तारेवर बसलेल्याचं काहीच सांगता येत नाही, ते का तेही सांगतो.

अकोल्याला असताना काळा चमकणारा शिंजीर दिसला की डोळे मिटून 'जांभळा' लिहायचं, आणि ते बहुतेक वेळा खपूनही जायचं. रत्नागिरीत ती चैन नाही बाबा. लोटेनचा हा फक्त आपल्या द्वीपकल्पातला आणि श्रीलंकेतला पक्षी. झाडी दाट, हवा दमट, अशा ठिकाणी तो जास्त रमतो, म्हणून कोकणात आणि घाटाच्या अंगाने भेटतो. जांभळा मात्र इराणपासून आग्नेय आशियापर्यंत कुठेही, उघड्या माळाच्या कडेला असो की सोसायटीच्या जास्वंदीवर. तुझ्याकडे दोघंही असणार.

आता मुद्द्याचं. रंगाच्या चमकेवर जाऊ नकोस. निळा, जांभळा, हिरवा हे सगळं उन्हाच्या कोनावर असतं. पक्ष्याने मान वळवली की रंग पालटतो. त्यापेक्षा पोट बघ. जांभळ्या नराची काळी-निळी झाक छातीवरून पोटापर्यंत सलग उतरते. लोटेनच्या नराची चमक छातीशीच संपते. तिथे तांबूस-किरमिजी रंगाचा रुंद पट्टा असतो आणि त्याच्या खाली एकदम मळकट तपकिरी पोट, चकाकी म्हणून नाही. तुझ्या पहिल्या फोटोत तो बांडगुळाकडे वाकलाय ना, तिथे मोठं करून बघ, पोट अगदी काजळी धरलेल्या कंदिलाच्या काचेसारखं दिसतंय. तोच लोटेनचा.

एक मेख आहे. छातीवर लाल पट्टा दिसला म्हणून लगेच 'लोटेन' म्हणायचं नाही. जांभळ्यालाही तिथे बारीकशी तांबूस रेघ असते, चांगलं ऊन पडलं की दिसते. नवशिके इथेच फसतात. तिच्याखालचं पोट चमकतंय की नाही, त्यावर ठरव. काखेतले पिवळे तुरे तर बिलकुल धरू नकोस, नर विणीच्या दिवसांत पंख उचलून ते मिरवतात खरे, पण दोघंही मिरवतात.

मग चोच. लोटेनची लांब आणि चांगलीच वाकडी. फोटोवर पट्टी ठेवून चोचीच्या मुळापासून डोक्याच्या मागच्या कडेपर्यंतचं अंतर घे आणि तेच चोचीवर उतरव. जांभळ्याची चोच साधारण तेवढीच किंवा किंचित जास्त भरते, लोटेनची बरीच पुढे निघते. पण हे फक्त एका बाजूने काढलेल्या फोटोत. पक्षी तुझ्याकडे तोंड करून बसला असेल तर कितीही लांब चोच आखूडच दिसणार. आणि नुकतं घरटं सोडलेल्या पिल्लाची चोच पुरती वाढलेली नसते, तिथेही घाई नको. तारेवरच्या फोटोत तर दोन अडचणी आहेत: मागे पांढरं आकाश, त्यामुळे सगळा पक्षीच काळा, आणि तोंड तुझ्याकडे. सोडून दे तो.

पावसाळ्यानंतर तुला आणखी एक ध्यान दिसेल: मादीसारखं पिवळट अंग आणि गळ्यापासून पोटापर्यंत मधोमध काळी पट्टी. तो विणीचा पोशाख उतरवलेला जांभळा नर. त्याला तिसरी जात समजून मला रात्री फोन करू नकोस!

माद्यांचं खरं सांगू का? दोघीही वरून मातकट, खालून पिवळट. जांभळ्याच्या मादीला डोळ्यावर फिकट भुवई असते, लोटेनच्या मादीला ती नसते आणि चोच लांब. हातभर अंतरावर असेल तर जमतं, आंब्याच्या शेंड्यावर असेल तर वहीत 'शिंजीर, मादी' एवढंच लिहावं. उगाच नाव चिकटवलेल्या नोंदीपेक्षा ती अर्धी नोंद मला जास्त किमतीची वाटते. इथले काही मित्र या बाबतीत माझ्याशी वाद घालतात, घालू देत.

नावावरून आठवलं. हा लोटेन म्हणजे सिलोनचा डच गव्हर्नर, 1752 ते 1757 या काळात तिथे होता. कारभार सांभाळून त्याने एका चित्रकाराकडून तिथल्या पशुपक्ष्यांची चित्रं काढून घेतली. सजीवांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने 1766 मध्ये या पक्ष्याला त्याचं नाव दिलं.

आता तुझ्या मालकांच्या बागेचं. कलमांवरची बांडगुळं ते काढणारच, त्यांचं पीक आहे, मी त्यांना दोष देत नाही. पण त्याआधी सकाळी तिथे जाऊन बस. शिंजीर बांडगुळाची पक्व कळी चोचीने दाबतो, ती फटकन उघडते आणि पराग त्याच्या कपाळावर उडतात. आणि गटाने राहून कोळिष्टकं विणणाऱ्या कोळ्यांच्या जाळ्यांचे मळकट गोळे फांद्यांवर दिसतील, त्यात वाळकी पानं अडकलेली असतात. तेही नीट बघत जा, लोटेनची मादी पुष्कळदा अशा गोळ्यातच भोक पाडून घरटं करते.

शिमग्याला मी येतोय, रजा मंजूर झाली आहे. तोवर फोटो बाजूने काढ, सूर्य पाठीशी घेऊन. वहिनींना नमस्कार सांग आणि चिरंजीवांना माझी जुनी दुर्बीण आणतोय म्हणून सांग, काचा पुसून ठेवल्यात.

तुझा,
श्रीकांत