औक्षणाच्या तबकापलीकडे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

स्वातंत्र्यलढ्यावरच्या मराठी कादंबऱ्यांचा परामर्श घेणारा लेख आपल्या रविवार पुरवणीत वाचला. लेख मनापासून आवडला, पण एक गोष्ट सलत राहिली. या कादंबऱ्यांतली बाई बहुतेक वेळा हातात औक्षणाचं तबक घेऊन उंबरठ्यावर उभी असते. नवरा तुरुंगात गेला की ती पदराने डोळे टिपते आणि तो सुटून येईपर्यंत कथेतून गायब! मधल्या काळात वाण्याची उधारी कुणी फेडली, माळ्यावर भूमिगत कार्यकर्ता असताना दारातल्या शिपायाला कुणी तोंड दिलं, हे कुणी विचारतच नाही. फार तर १९४२ मध्ये गुप्त काँग्रेस रेडिओ चालवणाऱ्या उषा मेहतांसारखी एखादी तेजस्वी व्यक्तिरेखा येते. त्यांचं कर्तृत्व मोठंच आहे. पण बाकीच्या बायका कुठे गेल्या?

आपल्या ठाणे जिल्ह्याचंच बघा. पालघर २०१४ मध्ये वेगळा झाला. त्याआधी डहाणू-तलासरीचा सगळा वारली मुलूख ठाण्यातच होता. तिथे लग्नासाठी सावकाराकडून थोडे पैसे, थोडं धान्य उचलायचं आणि त्यापायी नवरा-बायकोने त्याच्या घरी राबायला जायचं, अशी रीत होती. या जोडप्यांना 'लग्नगडी' म्हणत. कर्ज काही फिटायचं नाही. त्या घरात बाईच्या अंगावर हात टाकताना मालकाला कुणाची भीती नसे. वारल्यांना संघटित करणाऱ्या किसान सभेच्या नेत्या गोदावरी परुळेकर यांनी हे सगळं लिहून ठेवलं आहे. २३ मे १९४५ ला झरी गावात वारल्यांची परिषद भरली आणि वेठबिगारीला नकार दिला गेला. ऑक्टोबरात तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, पाच जण गेले.

हा लढा जमीनदारांविरुद्धचा होता, स्वातंत्र्याच्या कथेत त्याचं काय काम, असं काही जाणकार म्हणतात. मला ते मुळीच पटत नाही. तलवाड्याला गोळ्या झाडणारे पोलीस इंग्रज सरकारचेच होते ना? लग्नगड्याच्या बायकोला सरकार भेटायचं ते मालकाची बाजू घेणाऱ्या पोलिसाच्या रूपात. तिची सुटका कादंबरीचा विषय होणार नसेल, तर कुणाची होणार?

इकडे नवी मुंबईला लागून असलेल्या उरण तालुक्यात चिरनेरचा जंगल सत्याग्रह झाला, २५ सप्टेंबर १९३० रोजी. तिथल्या आठ हुतात्म्यांना आपण दरवर्षी वंदन करतो आणि ते केलंच पाहिजे. पण जंगलावर बंदी आली की चुलीला सरपण कुठून आणायचं आणि भाताच्या राबाला, म्हणजे रोपं लावण्याआधी भाजायच्या जमिनीला, टहाळ कुठून, हा घोर बाईच्याही जिवाला असतोच. सत्याग्रहाचं कारणच तिच्या डोक्यावरच्या मोळीत होतं, आणि कथेत मोळीही नाही, बाईही नाही.

लेखकांना साधनं मिळत नाहीत, ही अडचण मला मान्य आहे. बायकांनी लिहून फारसं ठेवलं नाही, बहुतेकींना लिहिताच येत नव्हतं. म्हणूनच एक विनंती आहे. तो काळ पाहिलेली माणसं आता अगदी थोडी उरली असतील, पण त्यांच्या लेकी-सुनांनी त्या गोष्टी ऐकलेल्या आहेत. आपल्या ठाणे आवृत्तीत आठवड्यातून एकदा तरी अशा ऐकीव आठवणी, गावाच्या नावासह, सांगणाऱ्या बाईच्याच बोलीत छापाव्यात. तलासरी, डहाणू, उरण इथल्या आपल्या वार्ताहरांनी मनावर घेतलं, तर या पावसाळ्यानंतर सुरुवात करता येईल.

आपली,
एक वाचिका, नौपाडा, ठाणे (प.)