सांता रोझाचा मामा

ठाणे, रविवार दुपार

प्रिय सुमे,

मामाच्या तेराव्यानंतर तू फोनवर विचारलं होतंस, "आईला सांगितलंस का गं शेवटी?" मी विषय बदलला. ते फोनवर बोलण्यासारखं नव्हतंच. आज लिहिते, पण आधी एका सिनेमाबद्दल ऐकून घे.

दिग्दर्शक हिचकॉकचा 'शॅडो ऑफ अ डाउट', १९४३ सालचा, कृष्णधवल. तुमच्याच कॅलिफोर्नियात, सांता रोझा गावात घडतो. झाडांच्या सावलीतले रस्ते, ऐसपैस व्हरांड्यांची लाकडी घरं, बँकेत नोकरी करणारे वडील. चित्रीकरणही तिथेच जाऊन केलं. निवडलेल्या घराच्या मालकाला इतका आनंद झाला की त्याने घर नव्याने रंगवूनच टाकलं, आणि हिचकॉकला ते पुन्हा मळकं करून घ्यावं लागलं! अगदी आपले आप्पा शोभतात की नाही?

त्या घरातली थोरली मुलगी चार्ली पलंगावर पडून कंटाळलीय. या घरात काही म्हणजे काही घडत नाही. ज्याचं नाव तिला ठेवलंय त्या चार्ली अंकलला तार करून बोलवावं म्हणून ती तारघरात जाते, तर त्याचीच तार येऊन पडलेली, मी येतोय. इंग्रजीत तो नुसता अंकल. पण आईचा धाकटा भाऊ आहे गं, म्हणजे मामाच की! हे डोक्यात आलं आणि पुढचा सगळा सिनेमा मी मराठीतच पाहिला.

मामाची गाडी स्टेशनात शिरते ती काळाकुट्ट धूर ओकत. तो धूर हिचकॉकने मुद्दाम मागवला होता. मामा सगळ्यांना भेटी आणतो, भाचीला पाचूची अंगठी देतो. अंगठीच्या आत भलत्याच कुणाची तरी आद्याक्षरं कोरलेली. पुढे एका रात्री ती बंद होणाऱ्या लायब्ररीत धावत जाते आणि मामाने घरच्या पेपरातून फाडून ठेवलेली बातमी शोधते. श्रीमंत विधवांचे गळे आवळणारा कुणी फरार आहे, आणि मेलेल्या शेवटच्या बाईचं नाव अंगठीतल्या अक्षरांशी जुळतं. कॅमेरा तिला तिथेच सोडून वर वर जातो. ती एवढीशी होते, सावली तेवढी लांबच लांब. मी तिथे सिनेमा थांबवला आणि पाणी प्यायले.

नववीतली दिवाळी आठवते? आईच्या पाटल्या पॉलिशला नेल्या आणि लोकलमध्ये बॅग मारली, असं मामाने सांगितलं होतं. मग इस्त्रीला द्यायच्या त्याच्या शर्टात मला सराफाची पावती सापडली, पाटल्या विकल्याची. त्याच आठवड्यात त्याने मला एचएमटीचं घड्याळ आणलं होतं. गच्चीवर टाकीमागे बसून हे फक्त तुला सांगितलं होतं मी. माझा मामा काही खुनी नव्हता, पैसे उडवणारा साधा माणूस होता. पण त्या पोरीचा चेहरा मला ओळखीचा वाटला.

मग भाचीलाच संपवायचे मामाचे डाव, कापलेली जिन्याची पायरी, धुराने भरलेलं गॅरेज, याचं लोक कौतुक करतात. मला ते ठीकच वाटलं. मामाच्या मागावर आलेल्या डिटेक्टिव्हचं भाचीवरचं प्रेम तर ओढूनताणून आणलेलं. माझं लक्ष खिळलं ते आईवर, एम्मावर. पॅट्रिशिया कॉलिंज नावाच्या नटीने काय केलंय ते काम! पार्टीच्या रात्री भाची जिना उतरते, कठड्यावर हात, बोटात ती अंगठी. मामा हातात ग्लास धरून बोलत असतो, त्याला ती दिसते, आणि तो तिथल्या तिथे जाहीर करतो की उद्या निघतो. बाकी कुणाला काही कळत नाही. एम्मा मात्र सगळ्यांदेखत कोसळते. लहानपणी आम्ही किती जवळ होतो, मग लग्न झालं, आणि मग आपण कोण होतो तेच बाई विसरून जाते, असं काहीतरी पुटपुटते. सुमे, माहेर हा शब्द इंग्रजीत नाही, पण ती दुसरं काय बोलत होती? मुलगी गप्प राहते ती आईच्या या माहेरासाठी. चित्रीकरण चालू असतानाच तिकडे इंग्लंडमध्ये हिचकॉकची आई वारली. तिचं नावही एम्माच होतं.

शेवटी मामा मरतो. गावाच्या लेखी मोठा सज्जन माणूस गेला. चर्चमध्ये त्याचे गुण गायले जातात आणि ती बाहेर उभी राहून ऐकते. तेराव्याला मीही ऐकत होते. "बहिणीवर किती जीव!" आई मान हलवत होती. वाढपी जिलेबी घेऊन आला, मी आणखी एक घेतली.

नाही सांगितलं.

सांता रोझाचं ते दगडी स्टेशन अजून उभं आहे. तिकडे गेलीस तर एक फोटो काढून पाठव.

घड्याळ कपाटात आहे, कधीचं बंद पडलंय. आई परवा म्हणाली, दुरुस्तीला टाक गं, मामाची तेवढीच आठवण आहे. उद्या नेते.

तुझी,
वैजू