छोट्या सिनेमाचं मानधन

इंदिरानगर, नाशिक

चि. सईस,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला सिनेमा पाहिला. बाबांनी टीव्हीला जोडून दिला म्हणून नीट दिसला. लाडाने म्हणत नाही, पण चकितच झाले. राज्य नाट्य स्पर्धेला सायखेडकर नाट्यगृहात तू शेवटच्या रांगेतल्या माणसासाठी बोलायचीस, आणि मान जरा जास्तच हलायची तुझी. इथे दवाखान्याच्या बाकावर तू नुसती फाइल चाळतेस. सासू बोलतच राहते आणि तुझा पान उलटणारा हात थांबतो. तेवढ्यावर मला कळलं, रिपोर्ट वाईट आहे. इतकं कमी करायला कुठे शिकलीस? तालमीत तर सगळे 'आवाज, आवाज' म्हणूनच ओरडायचे. तरी नाटक सोडू नकोस. दोन तास सलग पात्र अंगावर वागवायची सवय तिथेच लागते. कॅमेऱ्यापुढे शेवटचा प्रसंग आधी करायचा झाला तर तीच कामी येत असणार.

आता मुद्द्याचं. या कामाचे पैसे मिळाले नाहीत, हे तू फोनवर ओझरतं बोललीस. 'छोटी फिल्म आहे गं आई, बजेटच नव्हतं.' मी पतसंस्थेत खाती तपासलेली बाई, मला हे पचत नाही. कॅमेऱ्याचं भाडं दिलं, लाइटवाल्याला दिलं, जेवणवाल्याला दिलं, गाडीच्या डिझेललाही दिलं. नटांपाशी आल्यावरच कसं संपलं? व्यावसायिक नाटकात नवख्या पोरालाही प्रयोगागणिक मानधनाची नाईट मिळते, थोडी का असेना.

आणि छोट्या निर्मात्याचं म्हणशील, तर आपल्या त्र्यंबकचे फाळकेच घे. १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' काढताना सरस्वतीबाईंचे दागिने गहाण पडले, वर सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही त्यांच्याकडेच. तारामती करायला बाई मिळेना, तेव्हा उपाहारगृहात महिना दहा रुपयांवर राबणाऱ्या अण्णा साळुंकेंना फाळक्यांनी पंधरा देऊ केले. बायकोचे दागिने गहाण, पण नटाला पाच रुपये वाढवून! (याच साळुंकेंनी १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये राम आणि सीता दोघंही केले. तेव्हा किती दिले, ते काही वाचनात आलं नाही.)

प्रत्येक फुकटचं काम नाकार, असं नाही म्हणत. मित्रमंडळींचा सिनेमा असेल आणि दिग्दर्शकासकट कुणीच पैसे घेत नसेल, तर खुशाल कर. पण लिहून घे. उद्या सिनेमा विकला गेला, शासनाचं अनुदान मिळालं, तर तुझा वाटा किती आणि कधी. मागायला लाजू नकोस. डोंबिवलीच्या खोलीचं भाडं मागताना तुझी मालकीण लाजते का?

आत्या परवा म्हणाली, पोरीचं वय चाललंय. मी तिला डॉ. लागूंचं सांगितलं. पूर्णवेळ नट झाले ते १९६९ मध्ये, चाळिशी उलटल्यावर, आणि तेही आपल्या नाशिकच्या कानेटकरांच्या 'इथे ओशाळला मृत्यू'मधून. त्यांच्या हाताशी डॉक्टरकी होती, एवढं मात्र मी गाळलं.

दिवाळीनंतरच्या नव्या सिनेमाचा कागद सही करण्याआधी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठव. इंग्रजी बाबा वाचतील, आकडे मी बघेन. आणि कालिदासला तुमचा प्रयोग लागला की तारीख आधी कळव. कॉलनीतल्या बायका यायचं म्हणताहेत. पास पाठवू नकोस, आम्ही तिकिटं काढू.

तुझी,
आई