डिस्क सोडवून देणाऱ्या दादांचे आभार

पिकअपचे पुढचे ब्रेक पॅड आणि डिस्क बदलायला घेतले होते. पॅड निघाले, पण गंजलेली डिस्क हबला (चाक बसतं त्या भागाला) अशी चिकटलेली की हातोड्यालाही दाद देईना. शेजारी गाडी धुणारे एक दादा न बोलावता आले. कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) तारेने टांगलेला बघून म्हणाले, "हे बरं केलंत, ब्रेक ऑइलच्या होजवर भार नको." मग डिस्कवरच्या आट्यांच्या दोन भोकांत स्वतःकडचे बोल्ट घालून आलटूनपालटून थोडे थोडे आवळत गेले, म्हणजे बोल्टच हबवर टेकून डिस्कला बाहेर ढकलतात. टक्क! डिस्क सुटली. नव्या डिस्कवरचं तेल पुसायला स्वतःचा ब्रेक क्लीनरही दिला (पैसे घेतले नाहीत ते नाहीतच), आणि ब्रेक पेडल दाबून दाबून कडक लागेपर्यंत गाडी हलवू दिली नाही.

दादा, मनापासून आभार. तुमचे बोल्ट माझ्याकडेच राहिलेत, हक्काने घेऊन जा.