टाके पोटावर, दुखला खांदा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

माझ्या पोटावर उजवीकडे चार बोटांचा तिरका वण आहे. अठराव्या वर्षी अपेंडिक्स काढलं, तेव्हाचा. साधी शिंक आली तरी पोटाशी उशी धरावी लागायची. गेल्या महिन्यात मुलीचं अपेंडिक्स दुर्बिणीने काढलं. बेंबीपाशी एक आणि खाली दोन, एवढीच भोकं. दुसऱ्या दिवशी आम्ही घरी.

त्या रात्री दोन वाजता ती उठून बसली. ‘आई, खांदा दुखतोय.’ पोट नाही, उजवा खांदा! मोठा श्वास घेतला की जास्तच. टेबलावर हात पिरगळला की काय, छातीचं तर काही नाही ना, नको नको ते मनात आलं. फोनवर ड्यूटीवरचे डॉक्टर म्हणाले, ‘गॅसचं आहे, जाईल दोन दिवसांत.’ फोन ठेवला. मी आपली तिला गॅसची गोळी दिली!

टाके दाखवायला गेलो तेव्हा उलगडा झाला. हा गॅस अपचनाचा नव्हेच. दुर्बीण फिरवायला जागा हवी म्हणून पोट कार्बन डायऑक्साइडने फुगवतात. त्याने छाती-पोटामधला पडदा ताणला जातो, थोडा वायू मागे उरतो. या पडद्याची नस निघते मानेतून, खांद्याच्या नसांच्या शेजारून. मग मेंदूची गल्लत होते आणि दुखणं खांद्यावर जातं. अपेंडिक्सही आधी असंच फसवतं म्हणा. हिचं दुखणं बेंबीभोवती सुरू झालं, तर मी पित्तावर ढकललं होतं. उजवीकडे सरकलं तेव्हा कुठे धावाधाव.

१९८० साली जर्मनीत कुर्ट झेम यांनी पहिल्यांदा असं अपेंडिक्स काढलं. गृहस्थ स्त्रीरोगतज्ज्ञ, त्यामुळे सर्जन मंडळी भलतीच उखडली होती म्हणे. आज पद्धत इतकी रुळली आहे की समजावून सांगायचंच राहून जातं. संमतिपत्रावर ‘गरज पडल्यास पोट उघडून’ असं वाचून माझे हात कापले होते. अपेंडिक्स फुटलेलं, चिकटलेलं निघालं तर तसं करावं लागतं, हेही मला नंतरच कळलं.

ताप, वाढती पोटदुखी किंवा धाप असेल तर लगेच या, हे डिस्चार्ज कार्डावर छापलं होतं, ते चांगलंच. गोळ्यांच्या वेळाही होत्या. खांद्याबद्दल मात्र एक ओळ नव्हती. खाली अर्धं पान कोरं होतं.

आपली,
एक वाचक