लाकडं घरात का भरली नाहीत

ती. आई आणि बाबा यांना सा. न.

बाबा, परवा व्हिडिओ कॉलवर तुम्हाला मागच्या अंगणातला लाकडांचा ढीग दिसला आणि तुम्ही सुरूच झालात, अगो बर्फ पडायला लागला तिकडे नॉर्वेत नि फाटी अजून बाहेर, खाली अख्खं तळघर रिकामं पडलंय, उचला आणि भरा आत सगळी. मी काही बोलणार तेवढ्यात आई कुकर बघायला उठली, फोन उलटा पडला आणि मग नेट गेलं ते गेलंच. म्हटलं नीट लिहूनच पाठवावं, पत्रात निदान मधेच कोणी तोडत नाही.

तर पहिली गोष्ट, ती लाकडं भिजत नाहीयेत. वर पत्रा आहे, खाली पॅलेट आहेत म्हणजे जमिनीपासून वीतभर वर, आणि बाजू मुद्दाम उघड्या ठेवल्यात. ताडपत्रीत गुंडाळा म्हणालात ना, तर चारी बाजूंनी गुंडाळलं की आतल्या आत घाम धरतो आणि बुरशी येते. लाकूड सुकायला ऊन नसलं तरी चालतं, वारा लागतो. वरच्या ढलप्यांवर थोडा बर्फ बसला तर तो वरवरचा ओलावा, आत आणल्यावर दिवसभरात जातो.

भानगड आहे ती लाकडाच्या आतल्या पाण्याची. इथे मुख्यतः बर्च जाळतात, आपलं भूर्जपत्र ज्या झाडाचं त्याच्याच कुळातलं, तशीच कागदासारखी साल निघते, आणि पेटवायला रॉकेल नको की पेपर नको, तीच साल काडी लावली की पेटते. ताजं तोडलं तेव्हा त्याच्या वजनात जवळजवळ निम्मं पाणीच असतं आणि जाळायला ते 20 टक्क्यांच्या खाली यावं लागतं. आम्ही एकदा हिशोब मांडला, घरात दोन इंजिनियर असले की असले उद्योग होतात, तर एक घनमीटर भरीव बर्च सुकेपर्यंत त्यातून अडीचशे लिटरहून जास्त पाणी उडून जातं. आता हे पाणी तळघरात उडालं तर जाणार कुठे, हिवाळ्यात दारं-खिडक्या बंद, म्हणजे काचांवर पाणी, कोपऱ्यात काळी बुरशी आणि पिल्लूचा खोकला. म्हणून ओलं लाकूड घरात आणायचंच नाही. हिवाळा संपता संपता तोडायचं, झाडात रस चढायच्या आधी, लगेच फोडायचं, एप्रिल-मे मध्ये रचून ठेवायचं आणि उन्हाळाभर वारा खाऊ द्यायचा, मग ऑक्टोबरात ते जाळण्याजोगं होतं.

सुकलंय की नाही बघायला दोन टोकदार पिनांचं मीटर मिळतं, पण ते वरून टोचलं तर आकडा कमीच येतो, ढलपी मधोमध फोडून आतल्या ताज्या बाजूला टोचायचं. शेजारच्या आजोबांना मीटर म्हणजे पोरखेळ वाटतो. ते दोन ढलप्या एकमेकींवर आपटतात, टण्ण वाजलं तर चांगलं, भद्द वाजलं तर ठेव परत. आणि एक भारी प्रकार दाखवला त्यांनी, ढलपीच्या एका टोकाला भांडी घासायचं लिक्विड लावायचं आणि दुसऱ्या टोकाला तोंड लावून जोरात फुंकायचं, बर्च सुकलेलं असेल तर पलीकडे साबणाचे बुडबुडे येतात! पिल्लू आता दिसेल त्या लाकडाला फुंकत सुटलीय, तोंडाला सगळा भुसा.

या लोकांचं लाकडाचं वेड मी तुम्हाला काय सांगू. 2013 च्या फेब्रुवारीत इथल्या सरकारी टीव्हीने लाकडं या विषयावर बारा तासांचा कार्यक्रम केला होता, त्यातले आठेक तास नुसती शेकोटी जळताना दाखवली आणि लोकांनी ती बघितली. वर मेसेज करून तक्रारी, अर्ध्यांचं म्हणणं साल वरच्या बाजूला ठेवून का रचलीत, उरलेल्यांचं साल खाली का. आजोबा साल-वर पक्षाचे आहेत आणि याबाबतीत त्यांच्याशी वाद घालायची सोय नाही. आम्ही राहतो ते हे कॉन्ग्सबर्ग गावच 1624 साली चांदीच्या खाणीसाठी वसलं आणि त्या खाणीत पूर्वी खडकाला लागून लाकडं पेटवायचे, खडक तापून तडकला की मग फोडायचे. म्हणजे चांदी काढायला आधी जंगल जाळलं यांनी. असो.

आता घरात किती ठेवतो ते सांगते. बूट काढायच्या खोलीत एक लाकडी खोका आणि त्याच्या शेजारी दोन जाळीच्या क्रेट, साधारण आठवड्याचं जळण, शनिवारी भरायचं. एवढं आत लागतंच, कारण बाहेर उणे पंधरा असताना आणलेलं लाकूड लगेच स्टोव्हमध्ये टाकलं तर नीट पेटत नाही, एक-दोन दिवस उबेला बसावं लागतं. आणि इथली बहुतेक घरं विजेवर तापतात, तीच गेली तर लाकूडच. नागरी संरक्षण खात्याने 2024 मध्ये घरोघरी पत्रक टाकलं की आठवडाभर स्वतःच्या जिवावर निभावता येईल अशी तयारी ठेवा, पाणी, खाणं, ऊब सगळं.

आठवड्याच्या वर का नाही, तर एक म्हणजे किडे. सालीच्या आत थंडीला झोपलेले असतात, घरातली ऊब लागली की त्यांना वाटतं वसंत आला. मागे एक लांब मिशांचा भुंगा टीव्हीवर फिरत होता, घराच्या लाकडाला बहुतेकदा काही करत नाहीत ते, पण आई तू असतीस तर टीव्हीसकट बाहेर काढला असतास. दुसरं म्हणजे आग. स्टोव्हच्या जवळ लाकडं रचायची नाहीत, फोटोत कितीही सुंदर दिसलं तरी. राख पत्र्याच्या बादलीत, वर घट्ट झाकण, बादली बाहेर, कारण राखेत निखारा दिवसेंदिवस जिवंत राहतो. चिमणी साफ करणारा माणूस नगरपालिकेकडून येतो, आत दिवा सोडून बघतो आणि काजळी बघून ओळखतो की या घरात ओलं लाकूड जाळतात. ओल्या लाकडाचं डांबर चिमणीत बसतं आणि एखाद्या दिवशी चिमणीच पेट घेते. आम्हाला तो काही बोलला नाही, म्हणजे पास.

आता बाबा, चष्मा काढू नका, हे पत्र लिहायचं कारण पुढे आहे.

तुमचं म्हणणं असं की आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आगोटीची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, लाकडं घरातच भरतात, माळ्यावर आणि पडवीत, काय झालं कोणाला. बरोबरच आहे, आपल्याकडे मृग लागला की चार महिने हवाच ओली, बाहेर वाऱ्यावर ठेवून काय सुकणार, छपराखालीच हवीत. पण आजी होती तेव्हा माळ्याखाली चूल दिवसभर पेटलेली असायची. तो सगळा धूर कौलांतून बाहेर पडायच्या आधी माळ्यावरच्या लाकडांतून जायचा, त्यानेच ती कोरडी राहायची आणि वाळवी फिरकायची नाही. आता स्वयंपाक गॅसवर, चूल मागच्या बाजूला, ती पण फक्त अंघोळीच्या पाण्याची. माळ्यावर धूर येतच नाही. तुम्ही लाकडं तिथेच भरता, पण त्यांना सुकवणारी चूल गेली. म्हणून तर आई गेले दोन पावसाळे म्हणत्येय की ऐनाची लाकडं असून धुमसतात आणि डोळे चुरचुरतात, आणि वाशाला वाळवीची माती दिसली ती काय आकाशातून आली?

आणि तुम्ही त्या शिडीवरून खांद्यावर लाकडं घेऊन चढता, गुडघ्याला पट्टा बांधून. मला आईने सांगितलं नाही, मी कॉलवर मागे बघितलं, शिडी लावलेली होती.

तर माझं म्हणणं, गाय दिल्यापासून गोठा रिकामा आहे, वर्षाची लाकडं तिथे. एप्रिल-मे मध्ये उन्हात फोडून, सुकवून, मृगाच्या आधी आत. खाली जांभ्याचे चिरे मांडा, त्यावर आडव्या बांबूंवर रचा, जमिनीला आणि भिंतीला टेकू देऊ नका, मागे हात जाईल एवढी जागा सोडा म्हणजे वाळवीची वाट चढताना दिसेल आणि मोडता येईल. जुनी पुढे, नवी मागे. वाऱ्याच्या बाजूने झडप लावा, पण समोरासमोरची खिडकी उघडी. पडवीत फक्त आठवड्याची, आणि ती पण कोपऱ्यात सिलिंडर आहे तिथे नाही, दुसऱ्या टोकाला. ढीग लहान असला की विंचू आणि फुरसं दिसतं तरी, आई अंधारात हात घालून लाकूड ओढते त्याची मला इथे झोप येत नाही. बॅटरी घे गं, आणि आधी काठीने हलव.

फोडायला आणि वाहायला गडी लावा. पैसे मी पाठवते आणि यावर चर्चा नको, तुम्ही पाचशे रुपये वाचवायला माळ्यावर चढणार आणि मग मी तिकीट काढून येणार, यात स्वस्त काय ते तुम्हीच सांगा. खरं तर पाण्यासाठी सोलर बसवूया असं हे म्हणत होते, पण पावसाळ्यात त्याचा काय उपयोग आणि तुम्हाला बंबाच्या पाण्याशिवाय अंघोळ झाल्यासारखी वाटत नाही, म्हणून तो विषय मी सध्या काढत नाही.

इथे सगळं ठीक. पिल्लूचे दोन दात पडले. आई, मेतकूट संपलं, कोणी येणारं असेल तर पाठव.

गोठ्याचे चार-पाच फोटो पाठवा, कौलं कुठे फुटल्येत ते दिसेल असे, आणि बाबा, मागच्या वेळेसारखा निम्म्या फोटोत अंगठा नको.

तुमची,
सोनी